खिडकीजवळचं टेबल

वाचनालयाच्या दाराला कोरं करकरीत कुलूप होतं आणि शेजारी एक कागद चिकटवलेला होता, ‘नूतनीकरणासाठी तात्पुरते बंद’. कवळीकाकांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. ‘तात्पुरते’ या शब्दाचीच त्यांना धास्ती वाटली. सरकारच्या हातून तात्पुरतं झालेलं काही त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी नळासाठी तात्पुरता म्हणून खणलेला खड्डा त्यांचा मुलगा शाळेत असताना पडला होता. आता मुलाचे केस पिकायला लागले होते आणि लोक पत्ता सांगताना ‘खड्ड्यावरून डावीकडे’ असं सांगत होते.

बाकीची मंडळी एकेक करून जमली, कागद वाचून चरफडली, सरकारच्या नावानं बोटं मोडून घरी गेली. कवळीकाका मात्र पायरीवर बसून राहिले. त्यांच्या डोक्यात एकच विचार घोळत होता, की बाईंना हे कसं कळणार?

कवळीकाका म्हणजे कवळ्या करणारे काका. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्यांनी सारी हयात काढली होती. मेण वितळवायचं, साचे ओतायचे, दात बसवायचे आणि कानस मारत बसायचं. दवाखान्याच्या पाटीवर नाव डॉक्टरांचं, पडद्यामागे हात यांचे. पण निम्मं गाव त्यांच्या हातच्या दातांनी जेवत होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रस्त्यात माणूस चेहऱ्यानं ओळखू आला नाही, तरी हसला की ओळखू यायचा.

बायको गेली आणि घर एकदम मोठं झालं. मुलगा आणि सून सकाळी कामावर जायचे. दार लागलं की आतमध्ये फक्त फ्रिजची घरघर. दिवसभर ती ऐकून ऐकून काकांना वाटायला लागलं, की आपणही एक दिवस असेच घरघरायला लागू. मग ते वाचनालयात जायला लागले. जुनी, उंच छताची सरकारी खोली. पंखे कुरकुरायचे, खुर्च्या डुगडुगायच्या, पण येणाऱ्याला कुणी ‘का आलात’ असं विचारत नव्हतं.

तिथेच खिडकीजवळच्या टेबलाशी बाई बसायच्या. वर्तमानपत्रावर लिहायची परवानगी नव्हती, म्हणून त्या शब्दकोडं आपल्या कागदावर उतरवून घ्यायच्या आणि पेन्सिलीनं सोडवायच्या. एक दिवस मान वर न करताच त्यांनी समोर बसलेल्या काकांना विचारलं, “तीन अक्षरी. चावण्याची क्रिया.”

“चर्वण,” काका म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं. “मास्तर होतात का?”

“छे हो. कवळ्या करायचो.”

“मग या उत्तराचे तुम्हाला गुण नाहीत,” असं म्हणून त्या मोकळेपणानं हसल्या आणि काकांची नजर सवयीनं दातांवर गेली. दात स्वतःचे होते. पुढचा एक शेजारच्यावर जरासा चढलेला होता. असा दात काकांनी कधी कुणाला केला नव्हता. गिऱ्हाईक नेहमी सरळ दात मागायचं. निदान एखादा तरी तसा करायला हवा होता, असं त्यांना तेव्हा वाटून गेलं.

त्या दिवसापासून बाई त्यांना ‘डॉक्टर’ म्हणायला लागल्या. “अहो, मी डॉक्टर नाही,” असं काका म्हणायचे आणि त्या “बरं, डॉक्टर,” म्हणायच्या. बाई कोर्टात लघुलेखिका होत्या. साक्षीदार बोलायचे, वकील तावातावानं भांडायचे आणि यांचा हात नुसता चालत राहायचा. “‘न्याय’ हा शब्द लघुलिपीत एका फटकाऱ्यात येतो, डॉक्टर,” त्या एकदा म्हणाल्या. “एवढा स्वस्त शब्द दुसरा नाही. पण तो ऐकायला बाहेर बाकावर बसलेली माणसं बघायला हवी होती तुम्ही. मला त्यांचे चेहरे लिहिता येत नव्हते, एवढंच.”

त्यांचं जुळलं ते हसण्यापेक्षा चिडण्यावर जास्त. पेपरची अर्धी पानं यांच्याकडे, अर्धी त्यांच्याकडे. म्हाताऱ्यांची बसमधली सवलत काढून घेतल्याची बातमी आली तेव्हा बाईंनी ती दबक्या आवाजात अख्खी वाचून दाखवली आणि दोघंही तो दिवसभर धुमसत राहिले. पेन्शनसाठी जिवंत असल्याचा दाखला द्यायला गेल्या होत्या, तेही त्यांनी एकदा रंगवून सांगितलं. “मागच्या वर्षी मी जिवंत होते हे त्यांना मान्य आहे. यंदाचं मात्र नक्की सांगता येत नाही म्हणाले. मी समोर उभी, बोलतेय, त्यांच्याकडे पेन मागतेय. तरी साहेब म्हणतात, अंगठा मशीनवर उमटत नाही तोवर आमचा नाइलाज आहे.”

“मग?”

“मग काय! बोटं झिजली लिहून लिहून. उमटेना. शेवटी मी म्हटलं, मेलेच आहे असं धरून चाला, पण मेल्याचा तरी दाखला द्या. तेव्हा कुठे दुसऱ्या खिडकीवर पाठवलं.”

काका इतके हसले की ग्रंथपालानं टेबलावर टकटक केली.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. या सगळ्यात नाव विचारायचं राहून गेलं. सुरुवातीला गरज वाटली नाही आणि पुढे एवढ्या ओळखीनंतर ‘आपलं नाव काय’ म्हणून कसं विचारायचं, याचा संकोच वाटायला लागला. त्या कुठून येतात, कोणाकडे राहतात, तेही कधी निघालं नाही. मग एके दिवशी बाई म्हणाल्या, “मी आता काही दिवस येणार नाही. डोळ्याचं ऑपरेशन आहे. परत येईन तेव्हा तुमचा चेहरा स्वच्छ दिसेल. तेव्हा दाढी करून या म्हणजे झालं.” त्या गेल्या आणि त्याच आठवड्यात दाराला कुलूप लागलं.

काका रोज सकाळी दाढी करून जायला लागले. पायरीवर बसायचे. पुढे तिथे एक रखवालदार आला. त्यानं पायरीवर बसू दिलं नाही, म्हणून ते समोरच्या झाडाखाली उभे राहायला लागले. त्याच रस्त्यावर बड्या अधिकाऱ्यांचा क्लब होता, तोही सरकारी जागेवर. त्याच्या काचेतून आतली आरामखुर्ची दिसायची आणि तिच्यावर घडीसुद्धा न मोडलेला पेपर पडलेला असायचा. तिथे नूतनीकरण कधी निघालं नव्हतं. काका तिकडे बघायचे आणि नजर वळवायचे. राग यायचा, पण रागापेक्षा दुसरंच काहीतरी जास्त व्हायचं. लांबून कुणी बाई चालत आली की त्यांचा जीव वर यायचा आणि ती जवळ आली की पुन्हा खाली बसायचा.

वाचकांपैकी एक कर्नल होते. सैन्याशी त्यांचा संबंध खाकी कपड्यापुरताच, कारण ते बसचे कंडक्टर होते. पण आवाज असा होता की नाव आपोआप पडलं. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि निवेदन घेऊन सरकारी कचेरी गाठली. तिथे जी टोलवाटोलवी सुरू झाली ती काही संपेना. या विभागानं सांगितलं, इमारत आता आमच्याकडे नाही. त्या विभागानं सांगितलं, इमारत आमच्याकडे आहे, पण वाचनालय आमच्याकडे नाही. तिसऱ्या ठिकाणी साहेब जेवायला गेले होते, आणि त्यांचं जेवण बहुधा परगावी असावं. म्हाताऱ्यांनी चपला झिजवल्या, गुडघे झिजवले.

शेवटी एक तरुण अधिकारी भेटला. त्यानं सगळ्यांना खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं, निवेदन पूर्ण वाचलं. मग अदबीनं म्हणाला, “आजोबा, हल्ली सगळी वर्तमानपत्रं मोबाइलवर येतात. घरबसल्या वाचा ना.”

“घरीच बसायचं असतं तर वाचनालयात कशाला तडमडलो असतो?” कर्नल गरजले.

“तसं नाही, पण त्या जागेत नागरिक सुविधा केंद्र होतंय. हजारो लोकांची सोय होईल.”

“आम्ही कोण मग? गैरसोय?”

अधिकारी ओशाळून हसला. काकांनी पाहिलं, दात छान निगुतीनं राखलेले होते, आणि पोराच्या मनात खोट नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं. उर्मट माणसाशी भांडता येतं. याला तर आपण काय मागतोय तेच कळत नव्हतं. काकांना वाटलं, याला सांगावं, की बाबा रे, पेपर हे निमित्त असतं. पण मग ‘कशाचं निमित्त’ असं त्यानं विचारलं असतं, आणि चारचौघांत ते सांगायची काकांची छाती नव्हती. जनसुनावणी घेऊ, असं आश्वासन घेऊन मंडळी बाहेर पडली.

घरी पहिल्यांदा सुनेच्या लक्षात आलं. ती बसमधून जाताना तिला सासरे झाडाखाली उभे दिसले. एकदा नाही, सारखेच दिसायला लागले. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता तिनं विचारलं, “बाबा, तुम्ही तिथे उन्हात कुणाची वाट बघता?”

“पेपरची.”

“पेपर तर घरी येतो.”

“घरचा पटकन संपतो.”

सुनेनं हातातला बटाटा खाली ठेवला. “कोण आहे?”

काका चोरी पकडल्यासारखे खुर्चीत आक्रसले. “एक बाई आहेत. म्हणजे तसं काही नाही.”

“तसं म्हणजे कसं? मी काहीच म्हटलं नाहीये अजून.”

“त्यांना कुलूप लागल्याचं माहीत नाही गं. डोळ्याचं ऑपरेशन होतं त्यांचं. बऱ्या होऊन येतील, दार बंद बघतील आणि तशाच परत जातील. कुणीतरी सांगायला नको का?”

“नाव काय त्यांचं?”

“माहीत नाही.”

सून हसायला लागली. मग सासऱ्यांचा चेहरा पाहून थांबली. “रोज भेटत होतात आणि नाव माहीत नाही?”

“विचारायचं राहिलं. नंतर विचारायची लाज वाटली.”

तिनं बटाटा पुन्हा उचलला. मग म्हणाली, “आई असत्या ना, तर त्यांनीच पदर खोचून शोधून आणलं असतं त्यांना.” काकांना ते पटलं. त्यांच्या बायकोचा स्वभाव तसाच होता, हरवलेलं माणूस आणि हरवलेली वाटी दोन्ही ती सारख्याच नेटानं शोधायची. त्यांना एकाच वेळी बायकोची आठवण आली आणि बाईंचीही, आणि दोन्ही आठवणींनी एकमेकींना जराही धक्का लावला नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

सुनेच्या सांगण्यावरून ते कोर्टात जाऊन आले. खिडकीतला कारकून म्हणाला, “निवृत्त कर्मचाऱ्यांची माहिती अशी देता येत नाही. अर्ज करा, नाव लिहा.”

“नावच तर हवंय.”

“मग नाव लिहून अर्ज करा, म्हणजे नाव मिळेल.” कारकून हे अगदी गंभीरपणे म्हणाला. काकांनी त्याचे आभार मानले आणि पायऱ्या उतरले. ही गोष्ट ऐकून पोट धरून हसेल असं एकच माणूस जगात होतं, आणि त्याचाच तर पत्ता लागत नव्हता.

जनसुनावणी वरच्या मजल्यावरच्या सभागृहात ठेवलेली होती आणि लिफ्ट चालत नव्हती. म्हातारी मंडळी जिन्याच्या प्रत्येक वळणावर श्वास खात वर पोचली. काहीजण खालूनच परतले. काकांनी दारातून आत नजर फिरवली. प्रत्येक खुर्ची पाहिली, खांबामागच्यासुद्धा. बाई नव्हत्या.

मोठे साहेब आले ते उशिरानं. मग पडद्यावर चित्रं दाखवली गेली. काचेचं दार, हिरवी रोपं, गोल टेबलं, हसणारी माणसं. त्या माणसांत एकही म्हातारं नव्हतं. नंतर बोलायची संधी दिली गेली. कर्नल कायद्यावर बोलले, एक निवृत्त शिक्षिका आयुष्यभर कर भरून मिळवलेल्या हक्कावर बोलल्या. साहेब मान डोलावत होते. कोपऱ्यात एक मध्यमवयीन बाई सगळं टिपून घेत होती.

काकांची पाळी आली. कर्नलांनी त्यांना मुद्दे पढवून ठेवले होते. माइकसमोर उभे राहिल्यावर ते सगळे विसरले.

“मी कवळ्या करायचो,” त्यांनी सुरुवात केली. मागे कुणीतरी खुसखुसलं. “वाचनालयात माझ्यासमोर एक बाई बसायच्या. कोर्टात लघुलेखिका होत्या. त्यांचं नाव मला माहीत नाही, पत्ता माहीत नाही. आमचा पत्ता म्हणजे ते टेबल. तुम्ही ते काढलंत आणि आम्ही दोघंही एकमेकांच्या लेखी हरवलो. तुम्ही म्हणता, मोबाइलवर वाचा. वाचू. पण साहेब, पेपर वाचून चीड आली की ती कुणाला तरी सांगावी लागते. घरी सांगितली तर पोरांना वाटतं, म्हातारा कुरकुरतोय. तिथे सांगितली की समोरचं माणूस म्हणायचं, हो ना, मलाही तसंच वाटलं. आमच्या वयात एवढं मिळालं तरी दिवस जातो. तुमच्या केंद्रात खुर्च्या किती आहेत मला ठाऊक नाही. पण काम नसताना बसता येईल अशी एक तरी आहे का?”

ते एवढंच बोलले. सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हसलंही नाही. मोठ्या साहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “आपल्या भावनांची नोंद घेतली आहे.” कर्नल मात्र वैतागले. काका जागेवर बसल्यावर त्यांच्या कानाशी येऊन म्हणाले, “अहो, आपण हक्क मागतोय आणि तुम्ही बाई मागत बसलात!”

काका शरमेनं लाल झाले. सगळ्यांच्या कामाचा आपण विचका केला, असं वाटून ते घाईनं जिन्याकडे निघाले, तर मागून हाक आली. टिपून घेणारी ती बाई होती, हातात वही तशीच.

“काका, त्या बाई हसल्या की पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसतो का?”

काकांनी कठडा धरला. “डावीकडचा,” ते म्हणाले.

“मग त्या आमच्या बाईच. मला लघुलिपी त्यांनी शिकवली.” तिनं त्यांना पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. “ऑपरेशननंतर डोळ्यात काहीतरी बिघडलं, काका. सरकारी शिबिरात केलं होतं. त्या डोळ्यानं आता काहीच दिसत नाही, दुसरा आधीपासून अधू. बऱ्याच जणांचं तसं झालं म्हणे. चौकशी चालू आहे असं सांगतात.” ती थांबली. “भावाकडे असतात, शहराच्या पार टोकाला. मी गेले होते तेव्हा विचारत होत्या, वाचनालय कसं आहे म्हणून. मी म्हटलं, छानच असेल. मला तरी कुठे माहीत होतं?”

तिनं नाव सांगितलं, घर कसं शोधायचं ते सांगितलं. नाव कळलं खरं, पण नवी कवळी जशी तोंडात लगेच बसत नाही तसं ते काकांच्या तोंडात बसेना. त्यांच्या लेखी बाई त्या बाईच राहिल्या.

रविवारी सुनेनं त्यांचा शर्ट इस्त्री करून ठेवला आणि काही न विचारता बसस्टॉपपर्यंत सोडलं. बसनं, मग आणखी एका बसनं काका पोचले. भाऊ आणि भावजय दोघंही मोठी सालस माणसं. त्यांनी काकांना सोफ्यावर बसवलं, चहा आणला, बिस्किटं आणली. कोपऱ्यातल्या खुर्चीत काळा चष्मा लावून बाई बसल्या होत्या. पूर्वीपेक्षा बारीक झालेल्या, हात मांडीवर ठेवून.

“नमस्कार,” काका म्हणाले.

बाईंनी मान आवाजाकडे वळवली. “डॉक्टर?”

“अरे वा, आपण डॉक्टर का?” भाऊ सरसावून बसले. “बघा हो मग जरा, माझा हा खांदा—”

काका गडबडले. पण बाईंनी खुलासा केला नाही, ओठ मात्र घट्ट दाबून धरले. तेवढाच काय तो जुना क्षण. बाकी सगळा वेळ भाऊच विचारत राहिले, मुलं किती, घर स्वतःचं का, गुडघे दुखतात का. भावजयींनी आणखी चहा विचारला. काका आणि बाई एकाच खोलीत असून दोन वेगळ्या गावांत बसल्यासारखे बसले होते. वाचनालय बंद होऊन तिथे सुविधा केंद्र होतंय, तेवढं काकांनी सांगितलं, पुढे काय बोलावं ते सुचेना. कोर्टातल्या कारकुनाची गोष्ट त्यांच्या ओठावर आली होती, पण ती चौघांत सांगून संपवायची त्यांची इच्छा झाली नाही.

निघताना बाई भिंतीला हात लावत लावत फाटकापर्यंत आल्या.

“इथे बोलता येत नाही ना?” त्या हळू म्हणाल्या.

“नाही.”

“माणसं चांगली आहेत हो. पण इथे मी पाहुणी, आणि तुम्ही पाहुणीचे पाहुणे. तिथे आपण कुणाचेच नव्हतो. कुणी चहा विचारत नव्हतं. कसं छान होतं.”

काका परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले आणि घर येईपर्यंत त्यांना बाहेरचं काही दिसलं नाही. बाई सापडल्या होत्या. मग हे अजून काय हरवल्यासारखं वाटत होतं? त्यांना वाटलं होतं, माणूस सापडलं की झालं. पण त्या दोघांचं जे होतं ते त्या उंच छताखालीच होतं. ती खोली सरकारची होती, म्हणून दोघांची सारखी होती. तिथे कुणाचं कुणावर ओझं नव्हतं. ते आता कुठून आणायचं?

पुढे सुविधा केंद्राचं उद्घाटन झालं. कर्नल आणि मंडळी काळ्या फिती लावून फाटकाशी उभी राहिली. पोलिसांनी “चला आजोबा, ऊन लागेल,” असं म्हणत त्यांना सावलीत नेऊन उभं केलं. सावली अशी शोधली होती, की तिथून मंडप दिसत नव्हता आणि मंडपातून हे दिसत नव्हते.

त्यानंतर काही दिवसांनी बाईंचा फोन आला. त्या भेटीत काकांनी आपला नंबर भावाकडे ठेवला होता.

“डॉक्टर, मला त्या नव्या केंद्रात तक्रार करायची आहे. डोळ्याची. गुरुवारी भाचा त्या बाजूला कामाला येतो, तो सोडेल आणि नेईल. तुम्ही येता का? फॉर्म वाचायला कुणीतरी लागेल.”

गुरुवारी काका वेळेआधीच पोचले. बाई रिक्षातून उतरल्या तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि बाईंनी तो धरला. आत थंडगार हवा होती. गुळगुळीत फरशी, खिडक्यांमागे माणसं, भिंतीवर लाल आकडे. दारातल्या मशीनमधून काकांनी टोकन घेतलं. त्यांच्या आधी बरीच गर्दी होती.

“आपलं टेबल कुठे होतं?” बाईंनी विचारलं.

“इथेच. खिडकी बुजवलीय. आता तिथे खुर्च्यांची रांग आहे.”

“मग बसू या.”

ते बसले. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या, समोरासमोर बसायची सोय नव्हती. काकांनी बगलेतला पेपर काढला आणि दबक्या आवाजात वाचायला सुरुवात केली. पहिली बातमी संपायच्या आत बाई चिडल्या. काकाही चिडले. मग काकांनी कोर्टातल्या कारकुनाची गोष्ट सांगितली आणि बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. शब्दकोडं काका वाचत गेले, बाई उत्तरं सांगत गेल्या. वर लाल आकडे एकेक करून पुढे सरकत होते. आयुष्यात पहिल्यांदाच दोघांना वाटत होतं, की सरकारी काम याहून सावकाश चालावं. मध्येच आकडे अडले, मशीन बंद पडलं म्हणाले. आजूबाजूचे लोक कावले. हे दोघं मात्र नव्या ओळीकडे वळले.

शेवटी आकडा लागलाच. खिडकीतल्या मुलीसमोर बाई ताठ बसल्या आणि कोर्टात साक्ष द्यावी तशी सगळी हकिगत सांगितली, ऑपरेशन कुठे, कोणी, कसं केलं, नंतर त्या कोणाकोणाकडे गेल्या, कोण काय म्हणालं. एकही शब्द मागे घ्यावा लागला नाही. ऐकता ऐकता मुलीची बोटं थांबली. “आजी, खूप वाईट झालं हो,” ती म्हणाली, आणि मग पुन्हा टाइप करायला लागली.

“आणखी एक आहे,” बाई म्हणाल्या. “ही खोली. इथे टेबल होतं, पेपर होते. ते परत हवेत.”

मुलीनं पडद्यावर वरखाली पाहिलं. “याला पर्याय नाहीये आजी. पाणी, रस्ता, आरोग्य, इतर.”

“इतरमध्ये टाका. आम्ही इतरच.”

बाहेर रिक्षाची वाट बघत दोघं उभे होते. काका म्हणाले, “उत्तर आलं नाही तर परत यायला सांगितलंय.”

“येणार नाही उत्तर.”

“नाही येणार,” काका म्हणाले, आणि आपल्या आवाजातला आनंद त्यांचा त्यांनाच ऐकू आला.

बाईंना तो कळला असावा. “मला उत्तर हवंय, डॉक्टर. डोळ्याचं तरी हवंय. माझ्यासारखे बरेच आहेत.” मग काळ्या चष्म्यामागून त्यांनी मान काकांकडे वळवली. “पण सावकाश आलं तरी चालेल.”

भाचा आला आणि त्यांना घेऊन गेला.

तेव्हापासून गुरुवार हा काकांचा दिवस झाला. दर गुरुवारी बाईंना जमतंच असं नाही. भाच्याचं काम नसतं, कधी तब्येत बरी नसते, कधी भावाकडे कुणी येणार असतं. त्यांना फोनवर फार बोलणंही आवडत नाही, ‘भेटल्यावर’ म्हणतात आणि ठेवून देतात. त्या येणार नाहीत हे माहीत असलं तरी काका दाढी करून निघतात, टोकन घेतात, जोडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर पेपर ठेवून ती अडवतात आणि शेजारी बसतात. रखवालदार आता काही विचारत नाही. आकडा लागला, की ते मागच्या माणसाला पुढे करतात.

“तुम्ही घ्या आधी,” ते म्हणतात. “माझं माणूस यायचंय अजून.”